वहीच्या पानावर माणगंगा

सातारा जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. पश्चिमेच्या टोकाला महाबळेश्वर आहे. तेथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेच्या टोकाला माण तालुका आहे. तेथे ५०० मिलिमीटर पडला तरी वर्ष बरे गेले असे लोक म्हणतात. या कोरड्या बाजूला, कुळकजाईजवळच्या डोंगरात माण नदी उगम पावते. तिला सारेजण माणगंगा म्हणतात. दहिवडी, गोंदवले, म्हसवड या गावांवरून ती वाहते आणि पुढे आटपाडी, सांगोला, मंगळवेढा या तालुक्यांतून जाऊन भीमेला मिळते. ‘वाहते’ असे आम्ही लिहिले खरे, पण म्हसवडच्या पुलावर उभे राहून पाहिले तर वर्षातले बरेचसे दिवस खाली पाणी नसतेच. तेथे असते ती वाळू, गोटे आणि वेडी बाभूळ. पाणी असते ते वाळूच्या पोटात.

हे पोटातले पाणी किती असते? वाळूच्या कणांमध्ये पोकळी असते आणि ती साधारणपणे एकूण आकारमानाच्या तीस-पस्तीस टक्के भरते. म्हणजे एक घनमीटर भिजलेल्या वाळूत सुमारे ३०० लिटर पाणी मावते. त्यातले सगळेच उपसता येत नाही, काही कणांना चिकटून राहते. तरीही पात्रात झरा खणून हंडा भरणाऱ्या बाईला आणि काठावरच्या विहिरीच्या मालकाला वाळूची किंमत कळते ती यामुळेच. पात्राचा तळ एक मीटर खाली गेला तर नुसती वाळूच जात नाही, तिच्यातली ही टाकीही जाते.

याच नदीवर म्हसवडजवळ, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर, राजेवाडीचा तलाव आहे. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून जी कामे निघाली, त्यांतले हे एक. येथे अडचण उलटी आहे. पात्रात वाळू कमी होण्याची भीती, तर तलावात गाळ वाढण्याची. एकीकडे तळ खाली जातो, दुसरीकडे वर येतो. या दोन्ही गोष्टी किती वेगाने होतील, हे आधी सांगता येईल का?

पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या काळात सुरू झालेल्या या संस्थेत नद्यांच्या आणि बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडतात. सर क्लॉड इंग्लिस यांनी तेथे अशा प्रतिकृतींवर कित्येक वर्षे काम केले. प्रतिकृतीत पाणी खरे असते, हा तिचा मोठा फायदा. पण वाळू मात्र अडचण करते. नदी शंभरपट लहान केली तर वाळूचा कणही शंभरपट लहान करायला हवा. तसा केला तर ती वाळू राहत नाही, चिकणमाती होते. आणि चिकणमातीचे कण एकमेकांना धरून ठेवतात, वाळूचे धरत नाहीत. म्हणून अशा प्रतिकृतींत कधी कोळशाची भुकटी, कधी प्लॅस्टिकचे दाणे, असे हलके पदार्थ वाळूच्या जागी वापरतात.

संगणकात ही अडचण येत नाही, कारण तेथे पाणीही नसते आणि वाळूही नसते. असतात फक्त आकडे आणि त्या आकड्यांनी पाळायचे नियम. याला गणिती प्रतिमान म्हणतात. मूळ नियम इतका साधा आहे की आठवीच्या मुलाला तो चटकन पटेल: नदीच्या एखाद्या तुकड्यात जेवढी वाळू आली, त्यातून जेवढी बाहेर गेली ती वजा करा, उरलेली तळावर साचली. बाकी ऋण आली तर तळ तेवढा खरवडला गेला. पोस्टाच्या बचत खात्यासारखाच हा हिशेब आहे. ऑस्ट्रियाचा हवामानशास्त्रज्ञ फेलिक्स एक्सनर याने १९२० च्या दशकात तो समीकरणाच्या रूपात मांडला, आणि आजचे संगणकही या कामासाठी तेच समीकरण सोडवतात.

आपण तो वहीवर सोडवू. नदीच्या एका काल्पनिक तुकड्यावर एकेक किलोमीटर अंतरावर सहा ठिकाणे घ्या. तळाची उंची मीटरमध्ये अशी आहे:

१० – ८ – ६ – ४ – २ – ०

आता वाळू किती पुढे जाते याचा नियम हवा. उतार जास्त तर पाणी जोरात आणि वाळूही जास्त, एवढे खरे आहे. म्हणून असे ठरवू की लगतच्या दोन ठिकाणांच्या उंचीत जेवढा फरक, त्याच्या एक-चतुर्थांश जाडीचा थर एका पुरात वरच्या ठिकाणाहून खालच्या ठिकाणी जातो. येथे सर्वत्र फरक २ मीटर आहे, म्हणून सर्वत्र ०.५ मीटर वाळू पुढे सरकेल. पहिल्या ठिकाणी वरून ०.५ येते आणि सहाव्यातून ०.५ खाली जाते, असेही धरू. खऱ्या पुरात एवढा जाड थर हलत नाही. गणित पानभरात संपावे म्हणून आकडा फुगवला आहे. प्रत्येक ठिकाणी येणे आणि जाणे सारखेच, म्हणून कितीही पूर गेले तरी तळ आहे तेथेच राहतो. लक्षात घ्या, वाळू थांबलेली नाही, ती वाहतेच आहे. स्थिर आहे तो हिशेब.

आता चौथ्या ठिकाणची २ मीटर वाळू ट्रकमध्ये भरून नेली असे समजा. तळ झाला:

१० – ८ – ६ – २ – २ – ०

पहिला पूर येतो. तिसऱ्या आणि चौथ्या ठिकाणांत फरक आता ४ मीटर आहे, म्हणून तिसऱ्यातून १ मीटर वाळू खड्ड्यात उतरते. चौथ्या आणि पाचव्यात फरकच नाही, म्हणून खड्ड्यातून पुढे काहीच जात नाही. तिसऱ्याला वरून ०.५ मिळाले आणि १ गेले, म्हणून ते अर्धा मीटर खचले. पाचव्याला काहीच मिळाले नाही, पण त्याचे नेहमीचे ०.५ पुढे गेलेच. म्हणून तेही खचले:

१० – ८ – ५.५ – ३ – १.५ – ०

दुसऱ्या पुरानंतर काय होते ते स्वतः करून पाहा. उत्तर असे यायला हवे:

१० – ७.८७५ – ५.५ – ३.२५ – १.५ – वजा ०.१२५

आता या आकड्यांकडे नीट पाहा. खड्डा भरत आला, असे चौथ्या ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाला वाटेल. दोन मीटरचा खड्डा पाऊण मीटरवर आला आहे. ‘नदीच खड्डा भरून काढते, मग बिघडले कुठे?’ असा युक्तिवाद वाळूच्या बाबतीत नेहमी ऐकू येतो. पण मूळच्या उंचीपेक्षा प्रत्येक ठिकाण किती खाली गेले त्याची बेरीज करा: ०.१२५, ०.५, ०.७५, ०.५ आणि ०.१२५. बेरीज बरोबर २ मीटर येते. खड्डा भरला नाही, तो पाच ठिकाणी वाटला गेला. जेथे कोणी फावडेही लावले नाही अशा वरच्या अंगाच्या गावातही तळ खाली गेला. तिसऱ्या पुरात तर पहिले ठिकाणही तीन सेंटीमीटर खचते. एका गावात उचललेल्या वाळूचा भुर्दंड शेजारच्या गावातील विहिरीला आणि पुलाच्या खांबाच्या पायाला बसतो तो असा. वाळू वाहून नेणारे पाणी खालच्या दिशेला जाते, पण खड्ड्याची बातमी दोन्ही दिशांना पोचते.

आता मूळच्या तळावर दुसरा प्रयोग करा. खड्डा नाही, पण सहावे ठिकाण म्हणजे तलावाचे मुख आहे. तेथे आलेली वाळू पुढे जात नाही. पहिल्या पुरानंतर सहावे ठिकाण ०.५ वर येते. दुसऱ्यानंतर ते ०.८७५ होते आणि पाचवे २.१२५ होते. तिसऱ्यानंतर सहावे १.१८७५, पाचवे २.२८१२५ आणि चौथेही किंचित वर चढते. म्हणजे साचण्याची क्रिया मुखापाशी सुरू होऊन हळूहळू नदीत मागे सरकते. तलाव बांधल्यावर त्याच्या वरच्या अंगाचे नदीपात्र उथळ का होऊ लागते, याचे उत्तर या तीन ओळींत आहे.

आपले प्रतिमान वाळूचे आहे. गाळाची गोष्ट वेगळी, कारण तो लगेच खाली बसत नाही. स्थिर पाण्यात ०.१ मिलिमीटर व्यासाचा बारीक वाळूचा कण एक मीटर खाली जायला साधारण दोन मिनिटे घेतो. ०.०२ मिलिमीटरचा कण पाऊण तास घेतो. ०.००२ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण मात्र तीन दिवसांहून अधिक काळ घेतो. म्हणून वाळू तलावाच्या तोंडाशी पडते आणि चिकण गाळ भिंतीपर्यंत पोचतो. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली. त्या योजनेत शेतकरी जो काळा गाळ शेतात नेऊन पसरतात, तो हाच सावकाश बसणारा गाळ. एकदा बसून घट्ट झाला की तो उचलायला पाण्याला वाळूपेक्षाही जास्त वेग लागतो. आकाराने लहान, म्हणून हलवायला सोपा, हा आपला अंदाज येथे साफ फसतो.

आता आपल्या प्रतिमानाचे दोष. पहिला दोष मोठा आहे: त्याला खडक ठाऊक नाही. माणदेशात वाळूखाली बऱ्याच ठिकाणी मुरूम आणि काळा पाषाण लवकर लागतो. तेथे वाळू संपली की हिशेबाने मागितली तरी मिळणार नाही. संगणकाला हे प्रत्येक ठिकाणी सांगून ठेवावे लागते. नाहीतर तो खडकातूनही वाळू काढून दाखवतो.

दुसरा दोष नियमाचा आहे. खऱ्या नदीत वाळूचे वहन नुसत्या उतारावर ठरत नाही. पाण्याची खोली, वेग आणि कणांचा आकार हेही त्यात येतात. वेग दुप्पट झाला तर वाळू दुप्पट जात नाही, ती सोळापट किंवा त्याहूनही जास्त जाऊ शकते. त्यामुळे माणगंगेसारख्या नदीत वर्षभराचे काम पुराचे मोजके दिवसच उरकतात, आणि त्या दिवसांची मोजणी हुकली की वर्षाचा हिशेब हुकतो. कण नेमका केव्हा उचलला जाईल हे ठरवणे इतके अवघड आहे की अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे चिरंजीव हान्स अल्बर्ट यांनी आपले आयुष्य याच प्रश्नावर घालवले. नदीतळावरून सरकणाऱ्या वाळूबद्दलचे त्यांचे १९५० सालचे सूत्र अभियंते आजही अभ्यासतात. कण कधी उठेल हे निश्चित सांगण्याऐवजी तो उठण्याची संभाव्यता किती, असा विचार त्यांनी केला.

तिसरी गोष्ट दोष नव्हे, सापळा आहे. गणित लवकर उरकावे म्हणून एक-चतुर्थांशाऐवजी पूर्ण फरकाइतकी वाळू एकदम पुढे ढकलून पाहा. खड्ड्याच्या उदाहरणात पहिल्याच पुरानंतर तळ असा होतो: १० – ८ – ४ – ६ – ० – ०. जेथे खड्डा होता तेथे टेकडी उभी राहिली, आणि नदीला चौथ्या ठिकाणी चढ लागला! बेरजा-वजाबाक्या सर्व बरोबर आहेत, तरी उत्तर खोटे आहे, कारण एका पावलात फार मोठा काळ ओलांडला. संगणकावर काम करणारे अभियंते काळाचे पाऊल लहान ठेवण्याविषयी इतके दक्ष असतात ते यामुळे. पडद्यावर रंगीत नकाशा उमटला म्हणजे उत्तर खरे, असे समजणाऱ्याला ही टेकडी अवश्य दाखवावी.

मग प्रतिमान खरे की खोटे, हे कसे ओळखायचे? नदी मोजून. काही वर्षांच्या मोजणीवरून नियमातला आकडा (आपल्या येथे एक-चतुर्थांश) जुळवायचा, आणि नंतरच्या वर्षांचे उत्तर न पाहता भाकीत करून ते पडताळायचे. तलावांसाठी नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था उपग्रहांच्या चित्रांचा उपयोग करते. पाण्याची पातळी ठाऊक असते, पाण्याचा पसारा चित्रावरून मोजता येतो. त्याच पातळीला पूर्वी पसारा किती होता याच्याशी तुलना केली की गाळाने किती जागा घेतली ते निघते.

शाळेला उपग्रह लागत नाही. पाऊस सुरू होण्यापूर्वी, पात्र कोरडे असताना, शिक्षकांसह गावच्या पुलावर जा. कठड्यावर दर पाच मीटरवर खडूने खूण करा. दोरीला दगड बांधून प्रत्येक खुणेवरून खाली सोडा आणि वाळूला टेकला की दोरीची लांबी मोजून लिहा. दिवाळीनंतर, पूर ओसरून पात्र पुन्हा उघडे पडल्यावर, त्याच खुणांवरून तेच करा. पुराच्या दिवसांत पुलावर जायचे नाही. दोन्ही ओळी एकाच आलेखकागदावर काढा. खांबाजवळचे आकडे मात्र वेगळ्या शाईने लिहा, कारण तेथे पाणी भोवऱ्याने वाळू उकरते आणि तो खड्डा साऱ्या नदीचा नसतो. तारीख, पुलाचे नाव आणि मोजणाऱ्यांची नावे टाकून तो कागद शाळेच्या कपाटात ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या वर्गाला तिसरी ओळ काढता येईल.