‘एआय’च्या पाटीसाठी वावर विकू नका

इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की रिसोड, कारंजा, मंगरुळपीरहून एकच प्रश्न येतो: "सर, साधं कॉम्प्युटर मिळतंय, एआय नाही. वावर विकून पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ का?" नका घेऊ. ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, डेटाबेस हा पाया दोन्हीकडे जवळपास तोच असतो.

आज सांगायचंय ते याच पायावर उभ्या असलेल्या, पण मला कुणीच न विचारलेल्या कामाबद्दल: चालू यंत्रणा मुद्दाम बिघडवून ती तग धरते का, हे पाहणं, म्हणजेच ‘केऑस इंजिनिअरिंग’. २४ फेब्रुवारी २०२१ ला टेलिकॉम लिंक बिघडल्या आणि मुंबईचा राष्ट्रीय शेअर बाजार सुमारे चार तास ठप्प झाला. पर्यायी केंद्र होतं, पण कारभार तिकडे हलवलाच गेला नाही. पुढे २ मार्च २०२४ ला, शनिवारी, बाजार खास उघडून खरे सौदे त्या पर्यायी केंद्रावरून चालवून पाहिले. नेटफ्लिक्सने तर चालू सर्व्हर अचानक बंद पाडणारं ‘केऑस मंकी’ बनवलं आणि २०१२ मध्ये सर्वांना खुलं केलं. ते कामाच्या वेळेतच चालवायचे, म्हणजे दुरुस्तीला माणसं हजर असत.

जुलै २०१९ ची विश्वचषक उपांत्य फेरी आठवा. हॉटस्टारवर एकाच वेळी २.५३ कोटी प्रेक्षक होते. धोनी धावबाद झाला आणि लोकांनी धडाधड मागे जायचं बटण दाबलं. व्हिडिओचा भार उतरला, पण तेवढेच लोक एकदम होमपेजवर आदळतात! गर्दी येताना सर्व्हर पडेल हे कुणालाही सुचतं. जाताना काय होईल, हे आधी ज्याला सुचतं त्याला या कामात किंमत आहे.

आता पालकांना स्पष्टच सांगतो. पोराचा ऑप्शन फॉर्म तुम्ही भरता, पासवर्डही तुमच्याच मोबाइलवर. ज्याला एक चूक करू दिली नाही, तो चालू सर्व्हरला हात काय लावणार?

मुलांनो, लॅपटॉपवर लिनक्स टाका. छोट्या वेबसाइटच्या तीन प्रती चालवा आणि एक बंद पाडा. नेमकं काय बंद पडेल याचा अंदाज आधी वहीत लिहा, मग काय झालं ते लिहा. नंतर असे बिघाड मुद्दाम घडवणारं ‘लिटमस’ हे मोफत साधन वापरून बघा. ‘केऑस इंजिनिअर’ म्हणून पहिलीच नोकरी सहसा मिळत नाही. सपोर्ट, टेस्टिंग, डेव्हऑप्समधून ‘साइट रिलायबिलिटी’कडे, म्हणजे यंत्रणा सतत चालू ठेवण्याच्या कामाकडे, जावं लागतं. रात्री दोनला फोन वाजला तर उठावं लागतं. ते जमणार नसेल तर दुसरं काही बघा.