खारकेची नानकटाई कुरकुरीत होते, केळ्याची का होत नाही?

प्रश्न : मुलगी तिसरीत, मुलगा पाचवीत. सुट्टी लागल्यावर दोघांना बिस्किटं करायची हौस आली. साखर नको म्हणून मी पिकलेली केळी कुस्करून पिठात घातली. चव बरी आली, पण बिस्किटं केकसारखी मऊ झाली आणि संध्याकाळी डबा उघडला तर एकमेकांना चिकटलेली! फळाच्या गोडीवर कुरकुरीत बिस्किट होतंच नाही का? आणि झालं, तर ते खरंच पौष्टिक म्हणायचं का?
– एक वाचक, धामणकर नाका, भिवंडी

उत्तर : होतं. मात्र ओल्या केळ्याचं नाही, वाळलेल्या फळाचं. आणि पौष्टिक किती, याचा हिशेब तुमच्या पाचवीतल्या मुलालाच करायला लावू. आधी केळ्याने दगा का दिला, ते पाहू.

बिस्किटातली साखर गोडीखेरीज आणखी तीन कामं करते. नानकटाई करताना तूप आणि पिठीसाखर परातीत तळव्याने फेसतात, तेव्हा साखरेच्या बारीक कणांमुळे तुपात हवा कोंडली जाते. तीच पुढे खुसखुशीतपणा देते. दुसरं, साखर पिठातलं पाणी स्वतःकडे धरून ठेवते, त्यामुळे गव्हाचा चिकटपणा, म्हणजे ग्लुटेन, फारसा तयार होत नाही. तिसरं, भट्टीत साखर वितळून पसरते आणि बिस्किट गार झालं की पुन्हा घट्ट होते. दाताखाली जो कुरकुर आवाज येतो, त्यात या घट्ट झालेल्या साखरेचा वाटा मोठा.

आता केळं घ्या. पिकलेल्या केळ्याचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो आणि शंभर ग्रॅम गरात साखर असते साधारण बारा ग्रॅम. म्हणजे गोडी थोडी आणि पाणी भरपूर. शिवाय गरातले पेक्टिन आणि तंतू ते पाणी सहजासहजी सोडत नाहीत. भट्टीतून काढताना बिस्किट कडक वाटलं, तरी आतला ओलावा तासाभरात बाहेर सरकतो. त्यात फळांमध्ये फ्रुक्टोज असतं आणि ते हवेतला दमटपणा नेहमीच्या साखरेपेक्षा लवकर ओढून घेतं. खाडीकाठच्या आपल्या भागात, त्यातून पावसाळ्यात, डबा उघडा राहिला की संपलंच.

उपाय आपल्याकडे जुनाच आहे : फळातलं पाणी आधी काढायचं. शेजारच्या वसईत पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि त्यांची सुकेळी करतात. साखर वरून न घालता ती गोड लागतात, कारण पाणी उडालं की उरते ती केळ्याची स्वतःची साखर. सुकेळी मिळाली तर बारीक चिरून पिठात घाला. पण सगळ्यात सोपी वस्तू तुमच्या स्वयंपाकघरात बहुधा असेलच : डिंकाच्या लाडवात घालतो ती खारकेची पूड. रमजानच्या महिन्यात तीनबत्तीच्या बाजारात मऊ खजूर मुबलक मिळतो आणि तोही चालतो. फक्त तो वाटून घातला तर बिस्किट कडेला कुरकुरीत आणि मधे चिवट होतं. खारकेचं मात्र नानकटाईच्या जवळ जातं.

प्रमाण असं घ्या : कणीक 100 ग्रॅम, नाचणीचं पीठ 50 ग्रॅम, साजूक तूप 80 ग्रॅम, खारकेची पूड 75 ग्रॅम, दूध तीन मोठे चमचे, बेकिंग पावडर अर्धा चमचा, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ. घट्ट, पण वितळलेलं नाही, असं तूप आधी हलकं होईपर्यंत फेसा. त्यात खारीक आणि मग पिठं मिसळा. दूध शेवटी, लागेल तसं. खारीक पाणी पिते, म्हणून गोळा दहा मिनिटं झाकून ठेवा. कणीक मळतो तसं हे मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. या मापात अठरा बिस्किटं होतात.

ओव्हन 160 अंशांवर ठेवा आणि अठरा ते वीस मिनिटं भाजा. नेहमीच्या नानकटाईपेक्षा आच थोडी कमीच बरी, कारण फळातलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज साखरेच्या आधी रंग धरतात. बाहेर करपतं आणि आत कच्चं राहतं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर द्या, त्यावर स्टँड ठेवून झाकण लावा, दहा मिनिटं तापवा आणि मंद आचेवर ताटलीत बिस्किटं ठेवा. वेळ थोडा जास्त लागेल. पूर्वी दिवाळीत घरून तूप, साखर, मैदा नेऊन बेकरीच्या भट्टीत नानकटाई भाजून आणत. ओळखीचा बेकरीवाला असेल तर आजही विचारून बघायला हरकत नाही. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

कामं वाटून द्या. तिसरीतली मुलगी तूप फेसेल, गोळे वळेल, काट्याने वर रेघा ओढेल. पाचवीतला काट्यावर वजन करेल. अख्खी खारीक आणून कुटणार असाल तर बी राहिलं नाही ना, हे मोठ्यांनी पाहायचं. तापलेली कढई आणि ओव्हनही मोठ्यांकडेच. कच्चं पीठ चाटायला मात्र देऊ नका. त्यात अंडं नसलं तरी कच्च्या पिठातही जंतू असू शकतात.

आता पौष्टिकतेचा हिशेब. खारकेच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग साखरच असतो. मुलाला विचारा : 75 ग्रॅमचे दोन-तृतीयांश किती? पन्नास. भागिले अठरा? एका बिस्किटात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. नेहमीच्या नानकटाईत 150 ग्रॅम मैद्याला 75 ग्रॅम पिठीसाखर घालून पंधरा नग केले, तर एकात पाच ग्रॅम पडते. म्हणजे साखर निम्म्याच्या जवळ आली. तूप मात्र तेवढंच आहे, त्यामुळे एका बिस्किटाच्या किलोकॅलरी शंभरावरून ऐंशीवर येतात, एवढंच. खरा फायदा पिठात आहे. मैद्याच्या जागी कोंड्यासकट कणीक आली, आणि नाचणीत तर शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलं की वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस मिळून रोजच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत राहावीत, पाच टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 1700 किलोकॅलरी लागतात. त्याचे दहा टक्के म्हणजे साधारण आठ चमचे साखर, पाच टक्के म्हणजे चार. गूळ आणि मधही या हिशेबातून सुटत नाहीत, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच द्यायचा नाही. अख्खं फळ यात मोजत नाहीत. पण ब्रिटनमध्ये फळाचा लगदा किंवा पूड केली, की तिची साखर मोजली जाते, कारण फळाच्या पेशी फुटल्या की ती साखर मोकळी होते. त्या नियमाने आपली खारकेची पूडही साखरच ठरते. सुकं फळ दातांनाही चिकटतं, तेव्हा बिस्किट खाल्लं की चूळ भरायची सवय लावा.

थोडक्यात, हे बिस्किट नेहमीच्यापेक्षा बरं आहे, पण फळाची जागा घेणारं नाही. मुलांना दिवसाला दोन द्या आणि उरलेली केळी तशीच सोलून खायला द्या.