थंडीतले पाहुणे

पौष महिना होता. थंडी मी म्हणत होती. पहाटेच्या गाडीने मी कर्जतला उतरलो. घाटाकडचे डोंगर अजून धुक्यात होते. दादा स्टेशनबाहेर उभे होते. कानाला मफलर, खांद्याला पिशवी. पिशवीत तांदळाच्या भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि एक वही.

वही कशाला? सांगतो. आधी दादा कोण ते ऐका.

दादा कर्जत तालुक्यातल्या एका वाडीवर राहतात. जमीन थोडकी. पावसाळ्यात भात लावतात. भात कापला, की त्याच ओलीवर वाल पेरतात. चाळिशी उलटल्यावर ते रात्रीच्या वर्गात येऊन अक्षरे शिकले. त्या वर्गात मी शिकवत होतो. म्हणून ते मला गुरुजी म्हणतात. वयाने मोठे म्हणून मी त्यांना दादा म्हणतो. पण पाखरांची गोष्ट निघाली, की सगळे उलटे होते. तिथे ते गुरुजी, आणि मी पाटीवर रेघोट्या ओढणारे पोर.

लहानपणी दादांच्या गळ्यात गलोल असायची. होला दिसो, बगळा दिसो, नेम चुकत नसे. "मजा म्हणून नाही मारलं, गुरुजी," ते म्हणाले. "घरात कालवण नसायचं. पाखरू मिळालं, की आई खूश व्हायची." त्यांनी हे कधी लपवले नाही, म्हणून मीही लिहितो. आता १९७२ च्या कायद्याने रानातली पाखरे मारायला, धरायला, पिंजऱ्यात ठेवायला बंदी आहे. आपला हिरवा पोपटसुद्धा पाळता येत नाही. दादांची गलोल केव्हाच गेली. पण नेम धरायला शिकलेला डोळा राहिला. त्याच डोळ्याने ते आता पाखरे ओळखतात आणि वहीत लिहून ठेवतात.

आम्ही उल्हास नदीच्या काठाने चालू लागलो. पाणी उथळ होते. दगडांवरून वाफ निघत होती. एकाएकी दादांनी माझा दंड धरला.

"हलू नका. त्या काळ्या दगडावर बघा."

दगडावर एक पाखरू. चिमणीपेक्षा सडपातळ. तोंड पांढरे, छातीवर काळा पट्टा. शेपूट सारखी खाली-वर, खाली-वर. धोबी कपडा आपटतो ना, तशी.

"हा धोबी," दादा म्हणाले. "पण इथला नव्हे हां. पाहुणा आहे."

त्यांनी वही उघडली. चार महिन्यांपूर्वीची ओळ दाखवली. मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिले होते : 'धोबी आला. नदीवर एक. भात पोटरीला.' म्हणजे सप्टेंबर. शिमगा झाला, की हा परत जाईल. कुठे? हिमालयाच्या पलीकडे, मध्य आशियात, सायबेरियात. हजारो किलोमीटर! आणि वजन किती? फार तर दोन तोळे.

मी म्हणालो, "तिकडे बर्फ पडतो. थंडी सोसत नसेल बिचाऱ्याला."

दादा हसले. "पिसाला कसली थंडी, गुरुजी? पोटासाठी येतो तो. बर्फ पडला, की किडा मिळत नाही. आमची कातकरी माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती काय हौस म्हणून?"

मी गप्प बसलो. पुस्तकात हेच वाचले होते, पण इतके सरळ नाही.

मग तुम्ही विचाराल, इथे किडे आहेत तर इथेच का राहत नाही? त्यालाही कारण आहे. उत्तरेकडे उन्हाळ्यात दिवस फार मोठा असतो. बर्फ वितळला, की माश्या-डासांचे थवे उठतात. पिल्लांना भरवायला दिवसाचे कितीतरी तास जास्त मिळतात. म्हणून घरटे तिकडे, आणि हिवाळा इकडे.

वाट कशी सापडते? सूर्य, रात्रीचे तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व, यांच्या आधाराने. एवढेच नव्हे, जागाही आठवते. धोब्याचा एक भाऊबंद आहे, करडा धोबी. मुंबईतल्या एका बागेत अशा एका धोब्याच्या पायात पकडून कडी घातली होती. पुढच्या हिवाळ्यात तो त्याच हिरवळीवर परत आला. कडी होती, म्हणून कळले.

ही कडी तुम्हालाही सापडू शकते, बरे का! शेतात मेलेले पाखरू दिसले आणि पायात हलकी कडी असली, तर फेकू नका. कडीवर नंबर असतो. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी ही संस्था १८८३ पासून मुंबईत आहे. तिला नंबर, गाव आणि तारीख लिहून कळवा. दादांच्या वाडीत एकदा अशी कडी सापडली होती. तेव्हा दादांना वाचता येत नव्हते. ती कडी एका मुलीच्या पैंजणात ओवली गेली. आजही त्यांना त्याची हळहळ वाटते.

पुढे वालाची शेते लागली. बांधावरच्या झुडपाच्या अगदी शेंड्यावर एक पाखरू बसले होते. डोके काळे, छाती नारिंगी. उडायचे, किडा टिपायचे, परत शेंड्यावर. "हाही पाहुणाच," दादा म्हणाले. याचे नाव गप्पीदास. विजेच्या तारेवर पाकोळ्या ओळीने बसल्या होत्या, त्याही लांबच्या.

ओढ्यावर एक शिंदी वाकलेली होती. तिला सुगरणीची रिकामी खोपी लोंबत होती. सुगरण मात्र इथलीच. पावसाळ्यात विणते, थंडीत घरटे रिकामे. एक खोपा अर्धवट होता, उलट्या टोपलीसारखा. मी म्हटले, "हा का सोडला?"

"बायकोला पसंत पडला नाही," दादा म्हणाले.

ही थट्टा नव्हे. नावाने सुगरण, पण विणतो नर. अर्धा खोपा झाला, की माद्या येऊन तपासतात. पसंत पडला, तर नर खालची नळी विणून पुरा करतो, आणि मग दुसरा खोपा सुरू करतो. दुसऱ्या मादीसाठी! ही गोष्ट नीट पाहून कोणी लिहिली? डॉक्टर सालिम अली यांनी. तीही आपल्याच जिल्ह्यात. १९३० साली ते अलिबागजवळ किहीमला राहत होते. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. तिथे ते रोज तासन् तास सुगरणीचे खोपे पाहत बसत. लोक म्हणतात, सुगरण खोप्यात काजवे चिकटवते, दिव्यासाठी. ओली माती चिकटवते हे खरे. दिव्याची गोष्ट मात्र आपली सांगायला गोड.

दुपारी एस. टी. ने चौकला गेलो. हा खालापूर तालुका. जवळच मोरबे धरण आहे. त्याचे पाणी नवी मुंबईला जाते. काठापासून दूर सावलीत बसून आम्ही भाकरी सोडली. पाण्यात काळी पाखरे पोहत होती, कपाळावर पांढरा टिळा. टिळ्यावरून त्यांना वारकरी म्हणतात. एक पाणकावळा पंख पसरून उन्हात उभा होता. याची पिसे पाण्यात भिजतात, म्हणून बुडी मारून झाली की वाळवावी लागतात.

समोर इर्शाळगड दिसत होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले. कितीतरी माणसे सापडलीच नाहीत. दादांनी मफलर काढली आणि थोडा वेळ नुसते पाहत राहिले. आम्ही काही बोललो नाही.

वर आकाशात घारी फिरत होत्या. दादा म्हणाले, "गिधाड नाही एकसुद्धा. आमच्या बाचा बैल मेला, तेव्हा दुपारपर्यंत नुसता सांगाडा राहिला होता. आता ढोर मेलं, की कुत्री जमतात आणि आठ दिवस वास."

याचे कारण पुष्कळांना माहीत नाही. आजारी गुराला वेदना कमी व्हाव्यात म्हणून डायक्लोफेनॅक नावाचे औषध टोचत. ते गुरू मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. शंभरातली नव्वदाहून जास्त गिधाडे अशी मेली. हे कारण २००४ साली जगापुढे आले. २००६ साली आपल्या सरकारने गुरांसाठी ते औषध बंद केले. त्याऐवजी मेलॉक्झिकॅम हे औषध आहे, त्याने गिधाडाला अपाय होत नाही. गुरांच्या डॉक्टरांना तेच द्यायला सांगा. बाटलीवरचे नाव आता तुम्हाला वाचता येते.

संध्याकाळी वाडीवर परतलो. वहिनींनी शेतात पोपटीची तयारी केली होती. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ आणि ओवा. मडके उपडे ठेवून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. तो वास ज्याला माहीत आहे, त्याला सांगायला नको.

शेंगा शिजेपर्यंत दादांनी मला एका पडक्या घराकडे नेले. माळ्याखाली काळ्या गोळ्या पडल्या होत्या, अंगठ्याएवढ्या. दादांनी एक फोडली. आत केस, बारीक हाडे आणि उंदराच्या दोन कवट्या. हे गव्हाणी घुबडाचे काम. ते उंदीर सबंध गिळते आणि न पचलेली हाडे-केस गोळी करून ओकून टाकते.

"गेल्या साली दोन होती," दादा सांगू लागले. "शेजारचं पोर तापाने आजारी पडलं. लोक म्हणाले, घुबड ओरडतं, त्याला जाळा. मी ह्या गोळ्या फोडून सगळ्यांना कवट्या दाखवल्या. म्हटलं, हे आपल्या वालाची राखण करतंय. पोराला दवाखान्यात नेलं, मलेरिया निघाला. पोर बरं झालं. तरी एका रात्री कुणीतरी एक घुबड मारलंच. कुणी, ते मला माहीत आहे. माझ्या पंगतीला बसणारा माणूस आहे. काय बोलू?"

अंधार पडला. माळ्यातून पांढरे काहीतरी निघाले. पंखांचा आवाज मुळीच नाही. आमच्या डोक्यावरून गेले आणि वालाच्या शेताकडे वळले.

वहिनींनी हाक मारली. "अहो, मडकं उतरलंय. गुरुजींना घेऊन या." दादा तिथेच उकिडवे बसले. मी बॅटरी धरली. त्यांनी वही गुडघ्यावर ठेवली, पेन्सिलीचे टोक जिभेला लावले आणि सावकाश लिहिले : 'घुबड एक. वालाच्या शेतात गेले.'