लाकूड कातणाऱ्यांचे मंडळ

(इंग्लंड, अमेरिका यांसारख्या देशांत लाकूड कातण्याचा छंद असणाऱ्या लोकांची गावोगाव मंडळे आहेत. या मंडळांत काय चालते, पाहुणे कारागीर तेथे येऊन काय दाखवतात आणि त्यामुळे एक जुना हुन्नर कसा टिकून राहिला, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

तुम्ही भोवरा फिरवला असेल. घरातले लाटणे तर रोजच पाहता. बुद्धिबळाची प्यादी, क्रिकेटच्या यष्ट्या, जुन्या पलंगाचे नक्षीदार पाय याही वस्तू तुमच्या पाहण्यातल्या आहेत. या सर्व वस्तूंत एक गोष्ट सारखी आहे. त्या गोल आहेत. सुतार रंदा मारतो, तेव्हा लाकूड स्थिर असते आणि हत्यार चालते. गोल वस्तू घडवताना याच्या उलट घडते. लाकूड गरगर फिरते आणि कारागीर हत्याराची धार त्यावर नेमकी टेकवून धरतो.

या कामाला मराठीत 'लाकूड कातणे' म्हणतात. सूत कातणे वेगळे आणि लाकूड कातणे वेगळे. हे काम करणारा तो 'कातारी' किंवा 'खरादी'. 'खराद' हा शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत असेलच. ज्या यंत्रावर लाकूड फिरवतात, त्याला आता सगळीकडे 'लेथ' म्हणतात.

हा हुन्नर फार जुना आहे. इजिप्त देशात पेटोसिरिस नावाच्या एका धर्मगुरूची कबर आहे. ती इसवी सनापूर्वी सुमारे 300 या काळातील आहे. तिच्या भिंतीवरील एका चित्रात दोन माणसे लाकूड कातताना दिसतात. एक जण दोरी मागेपुढे ओढून लाकूड फिरवत आहे आणि दुसरा हत्यार धरून बसला आहे. त्याच देशातील कैरो शहरात जुन्या घरांच्या खिडक्यांना लाकडी जाळ्या असतात. या जाळ्यांना 'मशरबिया' म्हणतात. कातलेले लहान लहान असंख्य तुकडे एकमेकांत बसवून त्या तयार करतात. त्यांतून वारा आत येतो, पण बाहेरच्या माणसाला आतले दिसत नाही.

पूर्वी हा हुन्नर सर्वांसाठी खुला नव्हता. लंडनमध्ये कातारी लोकांचा एक संघ होता. 1604 साली राजा पहिला जेम्स याने त्या संघाला सनद दिली. त्या काळी लंडनमध्ये कोणताही धंदा शिकायचा, तर मुलाला वस्तादाच्या घरी शागीर्द म्हणून राहावे लागे. ही उमेदवारी बहुधा सात वर्षे चाले. धंद्यातील खुबी बाहेरच्या माणसाला सहसा सांगत नसत. खुबी बाहेर गेली, तर आपले पोट कसे भरणार, अशी भीती त्यांना वाटे. ही भीती अगदीच खोटी होती, असे नाही.

पुढे कारखाने आले. एकसारखे हजारो पाय आणि दांडे यंत्रे भराभर कातू लागली. इंग्लंडमध्ये हाय विकम या गावाच्या आसपास बीच वृक्षांची जंगले आहेत. तेथे काही कारागीर जंगलातच झोपडी बांधून खुर्च्यांचे पाय कातत. त्यांचा लेथ पायाने चाले. एका लवचीक काठीला दोरी बांधलेली असे. पायाने दाबले, की लाकूड फिरे. पाय उचलला, की काठी दोरीला परत ओढून घेई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा धंदा जवळजवळ संपला. ज्याच्या हाती विद्या होती, तो म्हातारा झाला. शिकायला कोणी आले नाही. माणूस गेला, की त्याच्याबरोबर त्याच्या हातातील विद्याही जाते.

मग हा हुन्नर वाचला कसा? तो वाचवला हौशी लोकांनी. शिक्षक, डॉक्टर, कारकून, निवृत्त कामगार अशा लोकांनी घरी लेथ आणले. परंतु त्यांना शिकवणार कोण? पुस्तके होती, पण लाकडावर हत्यार कोणत्या कोनात धरायचे, हे पुस्तक वाचून हाताला कळत नाही. ते पाहावे लागते. 1976 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात अल्बर्ट लेकॉफ आणि त्यांच्या साथीदारांनी लाकूड कातणाऱ्यांची संमेलने भरवण्यास सुरुवात केली. निरनिराळ्या गावांतील कारागीर तेथे एकत्र आले आणि त्यांनी एकमेकांना आपापले काम करून दाखवले. यातूनच पुढे 1986 साली 'अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स' ही संस्था निघाली. 1987 साली ब्रिटनमध्येही अशीच संस्था स्थापन झाली. आज या संस्थांशी जोडलेली शेकडो स्थानिक मंडळे आहेत.

अमेरिकेतील संस्थेचे पहिले अध्यक्ष डेव्हिड एल्सवर्थ हे होते. त्यांनी एक अवघड गोष्ट साधली होती. तोंड अगदी लहान आणि पोट मोठे, अशी पातळ लाकडी भांडी ते कातत. बारीक भोकातून आत हत्यार घालायचे आणि न पाहता आतले लाकूड काढायचे! त्यासाठी त्यांनी वाकडी हत्यारे स्वतः तयार केली. ही खुबी त्यांना आपल्याजवळ ठेवता आली असती. परंतु त्यांनी लेख लिहिले, वर्ग घेतले आणि ती सर्वांना शिकवली. आज जगात अनेक लोक तशी भांडी कातू शकतात. तरी एल्सवर्थ यांचा मान कमी झाला नाही, उलट वाढला.

आता अशा एखाद्या मंडळाची सभा कशी असते, ते पाहू. सभा बहुधा महिन्यातून एकदा होते. जागा साधीच असते. कधी शाळेची कर्मशाळा, तर कधी गावातले सभागृह. एका टेबलावर सभासद आपण महिनाभरात केलेल्या वस्तू मांडतात. वाडगे, डबे, मेणबत्तीचे स्टँड, पेन, भोवरे अशा कितीतरी वस्तू तेथे असतात. नवशिक्याचा ओबडधोबड वाडगा आणि जुन्या कारागिराचा सुबक डबा शेजारी शेजारी ठेवलेला असतो. एखादा अनुभवी सभासद प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिच्यात चांगले काय आहे आणि काय सुधारता येईल, ते सांगतो. वादळात कोणाच्या अंगणातले झाड पडले असेल, तर त्याचे ओंडके सभासद वाटून घेतात. काही मंडळांत एक मजेदार रीत आहे. एक सभासद आपण केलेली वस्तू चिठ्ठी टाकून दुसऱ्याला देतो. ज्याला ती मिळते, त्याने पुढच्या सभेत स्वतः केलेली वस्तू आणायची असते.

सभेचे मुख्य आकर्षण म्हणजे पाहुणा कारागीर. तो दुसऱ्या गावाहून, कधी दुसऱ्या देशाहूनही येतो. त्याची उतरण्याची सोय पुष्कळदा एखाद्या सभासदाच्याच घरी होते. लेथच्या वर तिरपा आरसा टांगलेला असतो. त्यामुळे मागे बसलेल्यालाही हत्याराची धार दिसते. अलीकडे आरशाऐवजी कॅमेरे आणि मोठे पडदे असतात.

पाहुणा ओल्या लाकडाचा ठोकळा लेथवर घट्ट बसवतो. बटण दाबताच ठोकळा फिरू लागतो. गोल धारेची पटाशी तो लोखंडी टेक्यावर ठेवतो आणि हळूच पुढे सरकवतो. लाकडाच्या किसाची लांब लांब वेटोळी उडू लागतात. पाहुणा काम करता करता बोलत असतो. "ओले लाकूड सुकताना आकसते आणि तडकते. म्हणून ते एकदम पातळ करू नका. वाडग्याच्या व्यासाच्या दहाव्या भागाइतकी जाडी राहू द्या. वाडगा 10 इंचांचा असेल, तर कड 1 इंच जाड ठेवा. मग काही महिने तो सुकू द्या. सुकल्यावर पुन्हा लेथवर चढवा आणि हवा तेवढा पातळ करा," असे तो समजावून सांगतो. मध्येच तो म्हणतो, "आता आवाज ऐका." भिंत पातळ होते, तसा लाकडाचा आवाजही बदलतो. चांगला कातारी डोळ्यांइतकाच कानांनीही काम करतो.

कधी कधी सर्वांच्या देखत काम बिघडते. हत्याराची धार लाकडात अडकते आणि वाडगा फुटतो. कधी तळ जास्त कोरला जाऊन त्याला भोक पडते. वाडग्याचे नरसाळे होते! सगळे हसतात. पाहुणाही हसतो. पण तो फुटलेला तुकडा लपवत नाही. तो हातात घेऊन सर्वांना दाखवतो. धार कोठे अडकली, हत्याराचा कोन कसा चुकला, हे तो सांगतो. नवशिक्याला या दहा मिनिटांत जे कळते, ते पूर्ण झालेला सुंदर वाडगा पाहून कळत नाही. वस्तादाचेही काम बिघडते, हे पाहून त्याची भीतीही कमी होते.

मंडळात सुरक्षिततेचे नियम मात्र कडक असतात. 30 सेंटिमीटर व्यासाची थाळी मिनिटाला 1000 फेरे फिरत असेल, तर तिची कड ताशी सुमारे 56 किलोमीटर वेगाने धावत असते. म्हणून वस्तू जितकी मोठी, तितका लेथ सावकाश फिरवतात. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल लावतात. सैल बाह्यांचे कपडे, अंगठी आणि हातमोजे घालत नाहीत. लांब केस बांधून ठेवतात. बारीक भुसा फुप्फुसांत जाऊ नये, म्हणून तोंडाला मास्क लावतात. कितीही मोठा वस्ताद असला, तरी या नियमांतून त्याची सुटका नाही.

ही मंडळे केवळ करमणुकीसाठी नाहीत. अमेरिकेत गंभीर आजाराने रुग्णालयात असलेल्या मुलांसाठी एक उपक्रम चालतो. त्याचे नाव 'बीड्स ऑफ करेज', म्हणजे 'धैर्याचे मणी'. सुई टोचली, शस्त्रक्रिया झाली, रुग्णालयात एक रात्र काढली, की मुलाला एक एक मणी मिळतो. मोठ्या आजारात हे मणी शेकड्यांनी होतात. ते ठेवण्यासाठी लाकूड कातणारे लोक झाकणाचे सुंदर डबे तयार करून मोफत देतात. ज्या मुलासाठी आपण डबा करतो, त्याचे नावही बनवणाऱ्याला बहुधा माहीत नसते.

आपल्या देशातही हा हुन्नर आहे. महाराष्ट्रात सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. कर्नाटकातील चन्नपट्टण येथे कुड्याच्या पांढऱ्या लाकडाची खेळणी कातून करतात. लाकूड फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याच्या जातीच्या एका झाडाच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. आपल्याकडे ही विद्या बहुतेक घराण्यांतून चालत आली. बाप मुलाला शिकवी. पण मुलगा दुसऱ्या कामाला लागला, तर ती पुढे कोणाला द्यायची? मंडळांतील लोकांनी या प्रश्नाचे उत्तर सोपे केले. जो पाहायला येईल, त्याला दाखवा. जो विचारील, त्याला सांगा.

तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात कातारी असेल, तर त्यांच्या दुकानापाशी थोडा वेळ जरूर थांबा. जरा दूर उभे राहा आणि काम पाहा. त्यांची परवानगी घेऊन दोन प्रश्न विचारा. आपल्या कामाबद्दल कोणी आस्थेने विचारले, तर कारागिराला आनंद होतो. आणि कोण जाणे, तुमच्यापैकी कोणाच्या हाताला ते काम भावेलही.

शब्दार्थ
हुन्नर – हाताची कला, कसब
सनद – राजाने दिलेला अधिकारपत्राचा कागद
उमेदवारी – काम शिकण्याचा काळ
खुबी – कामातील खास युक्ती
हौशी – आवडीसाठी काम करणारा
पटाशी – लाकूड कापण्याचे धारदार हत्यार
वेटोळे – गोल गुंडाळी
नरसाळे – बाटलीत तेल वगैरे ओतण्याचे साधन
आस्था – आपुलकी, कळकळ

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लाकूड कातणाऱ्या कारागिराला मराठीत काय म्हणतात?
(आ) मशरबिया म्हणजे काय?
(इ) लेथच्या वर तिरपा आरसा कशासाठी टांगतात?
(ई) सावंतवाडी कशासाठी प्रसिद्ध आहे?

प्र. 2. रिकाम्या जागा भरा.
(अ) चांगला कातारी डोळ्यांइतकाच ............ काम करतो.
(आ) वाडगा 10 इंचांचा असेल, तर कड ............ जाड ठेवावी.
(इ) लाकडावर रंगीत ............ कांडी दाबून धरतात.

प्र. 3. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पूर्वीचे कारागीर धंद्यातील खुबी बाहेर का सांगत नसत?
(आ) वाडगा फुटल्यावर पाहुणा कारागीर काय करतो? त्याचा नवशिक्याला काय फायदा होतो?
(इ) 'धैर्याचे मणी' या उपक्रमाची माहिती लिहा.

प्र. 4. खालील शब्दांचे अनेकवचन लिहा.
वाडगा, वस्तू, पटाशी, डबा, जाळी

प्र. 5. कारागीर, वस्ताद, शागीर्द, रंदा, हुन्नर हे शब्द उर्दूत कसे लिहितात व बोलतात, ते सांगा. असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम : तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याचे काम, त्याची हत्यारे आणि तो ते काम कोणाकडून शिकला, याविषयी दहा ओळी लिहा.