‘ते अ‍ॅप आमचं नाही, मॅडम’

इंटरनेट, टीव्हीचे चॅनेल आणि ओटीटी अ‍ॅप असा सगळा एकत्र प्लॅन कुणी वर्षभराचे पैसे आगाऊ घेऊन देत असेल, तर पैसे देण्याआधी एवढंच विचारा : यातलं एखादं मध्येच बंद पडलं तर भांडायचं कुणाशी? मी विचारलं होतं. ‘आमच्याशीच मॅडम, आम्ही आहोत ना,’ असं उत्तरही मिळालं होतं. हे आधीच सांगते, कारण नंतर सोसायटीतल्या शहाण्यांनी ‘नीट विचारून घ्यायचं ना’ म्हणून मला पुष्कळ ऐकवलं.

कंपनीचं नाव घेत नाही. सगळे एकाच माळेचे मणी. ठाण्यात माजिवड्याच्या आमच्या टॉवरच्या डक्टमध्ये एकाच कंपनीची वायर आहे. बिल्डरनं कुणाशी काय ठरवलंय, हे ताबा देताना कुणी सांगत नाही. पलीकडे गावठाणात केबलवाला नीट वागला नाही तर लोक त्याला नाक्यावर गाठतात. आम्ही टॉवरवाले कुणाला गाठणार? आमच्या वाट्याला कॉल सेंटर.

सासूबाईंना जुनी मराठी नाटकं बघायचा नाद. प्लॅनमधल्या एका अ‍ॅपवर ती होती, म्हणून तर तो प्लॅन घेतला. चार-पाच महिने सुरळीत गेले. मग एका दुपारी टीव्हीवर पाटी आली : तुमच्या प्लॅनमध्ये हे उपकरण समाविष्ट नाही, अपग्रेड करा. तेच नाटक मोबाइलवर मात्र व्यवस्थित चालत होतं. म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बाईनं आता नाटक तळहातावर बघायचं.

कंपनीला फोन केला. ‘ते अ‍ॅप आमचं नाही मॅडम, त्यांच्याशी बोला.’ अ‍ॅपच्या चॅटवर गेले. तिथे उत्तर आलं की तुम्ही सदस्यत्व आमच्याकडून घेतलेलं नाही, तुमच्या इंटरनेट कंपनीशी संपर्क साधा. प्लॅन गळ्यात मारणारा मुलगा म्हणाला, ‘वरूनच बदललंय, माझ्या हातात काय आहे?’ त्यानंतर त्यानं माझा फोन उचलला नाही. आधी दर दोन दिवसांनी स्वतः करायचा.

खरी मेख बिलात होती. रागारागानं ते उघडलं, तर सगळी रक्कम इंटरनेटच्या नावावर. खाली बारीक अक्षरात अ‍ॅपची यादी आणि त्यापुढे ‘मोफत लाभ’. माझ्या हातात जे पत्रक ठेवलं होतं, त्यावर इंटरनेटचा वेग कोपऱ्यात होता आणि अ‍ॅपची चित्रं पानभर. विकताना अ‍ॅप विकलं, बिल करताना ते फुकट झालं. फुकटच्या वस्तूचा परतावा कसा मागणार? कॉल सेंटरच्या वरिष्ठानं नेमकं हेच शांतपणे ऐकवलं. तो शांतपणा अजून डोक्यातून जात नाही.

आमचे हे म्हणाले, एका अ‍ॅपसाठी एवढा जीव कशाला काढतेस. पण ही एका अ‍ॅपची गोष्ट नाही. २०२३च्या ३१ मार्चला एचबीओच्या मालिका डिस्ने प्लस हॉटस्टारवरून गेल्या. त्यांच्यासाठी वर्षाचे पैसे भरलेले बघत राहिले. त्याच वर्षी जुलैत नेटफ्लिक्सनं एका घराबाहेर पासवर्ड वापरण्यावर भारतात बंधन आणलं. १७ जून २०२५पासून प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या. त्या नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये वेगळे मोजा. हे निर्णय बैठकीत होतात आणि आपल्याला कळतात टीव्ही लावल्यावर. केबलचंही तेच. फेब्रुवारी २०२३मध्ये दरांवरून स्टार, झी, सोनी आणि केबल कंपन्यांचं बिनसलं, करारावर सह्या न करणाऱ्यांचे चॅनेल बंद झाले. भांडण त्यांचं, मालिका बुडाल्या घरोघरच्या आज्यांच्या. दोन म्हशींच्या टकरीत झाडाचा काळ, तो असा.

त्याही आधीचं सांगते. तेव्हा आम्ही डोंबिवलीत होतो. डिजिटल केबलच्या दुसऱ्या टप्प्यात ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्ही होती, मुदत ३१ मार्च २०१३. सेट टॉप बॉक्स घ्या नाहीतर टीव्ही बंद. घेतला. कंपनी बदलली तेव्हा कळलं, एकाचा बॉक्स दुसऱ्याकडे चालत नाही. कोणताही बॉक्स कुठल्याही कंपनीकडे चालावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक ट्रायनं एप्रिल २०२०मध्ये केली. आमचा बॉक्स माळ्यावर आहे.

आता कामाचं. टीव्ही एकच असला तरी तक्रारीची दारं वेगळी आहेत. केबल, डीटीएच आणि इंटरनेट ट्रायच्या नियमांखाली येतात. ओटीटी अ‍ॅपचे दर ट्राय ठरवत नाही, त्यामुळे अ‍ॅपची तक्रार तिकडे नेली तर दिवस वाया जातात, माझे गेले. इंटरनेटच्या तक्रारीचा क्रमांक मागून घ्या, तो मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. ‘टेलिकॉमची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२मध्ये ती चालते, असा निकाल दिला आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, म्हणजे कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी ठाण्याच्या आयोगात. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची.

माझं काम मात्र १९१५नं हललं. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रार लिहिताना मी ‘अ‍ॅप बंद’ असं लिहिलंच नाही. पत्रकाचा फोटो आणि बिल शेजारी शेजारी जोडले आणि लिहिलं की दाखवलं एक, दिलं दुसरं. नोव्हेंबर २०२३च्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा तेरा फसव्या प्रकारांची यादी आहे आणि त्यात हाही बसतो. मग त्याच शांत कंपनीचा आपणहून फोन आला. काही रक्कम पुढच्या बिलात वळती करून दिली, तीही ‘सद्भावना म्हणून’. चूक झाली, हे शब्द शेवटपर्यंत नाहीत.

तेव्हा पत्रक फेकू नका, पैसे भरता त्या दिवशीचा प्लॅनचा स्क्रीनशॉट काढा. अ‍ॅप टीव्हीवर चालणार की फक्त मोबाइलवर, जाहिरातींसह की त्याविना, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या; तोंडी ‘हो हो’ला किंमत नाही. वर्षाची सवलत कितीही गोड वाटली तरी तीन महिन्यांपुढे जाऊ नका. यूपीआयमध्ये ऑटोपेची यादी असते, ती अधूनमधून तपासा. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती जाहिरातींच्या मेसेजमध्ये हरवते. अटी वाचा, असंही सगळे सांगतात. वाचा बापडे, पण ‘कंपनी कधीही बदल करू शकते’ हे वाक्य सगळीकडेच आहे.

प्लॅन आम्ही पुढे चालू ठेवला नाही. तो मुलगा आता पुन्हा फोन करतो, आणखी दोन अ‍ॅप मोफत देतो म्हणतो. दुसऱ्या कंपनीसाठी डक्ट उघडण्याचा विषय मी सर्वसाधारण सभेसाठी लेखी दिलाय. सेक्रेटरी ‘बघू’ म्हणाले. पोच घेतली आहे, तारीख आणि सहीसकट.