गॅलरीचं दार आणि तीन रोलर

चि. भाचेबुवांस,



काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. आधी पावसाचं झालं, मग कृष्णेचं झालं, इथे सांगलीत आयर्विन पुलाखाली पाणी किती चढलंय हे विचारून झालं आणि मग ती एकदम गप्प झाली. तुझी आई गप्प झाली की मामा खुर्चीत सरळ बसतो, लहानपणापासूनची सवय आहे. हळूहळू कळलं की तुझ्या हनुवटीला टाके पडलेत आणि ते काही बॅडमिंटन खेळताना पडलेले नाहीत. तिला तू बॅडमिंटन सांगितलंस. खरं काय ते तिला वॉचमनने सांगितलं, वॉचमनला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी, आणि काकूंकडची आवृत्ती अशी : सहाव्या मजल्यावरचा मुलगा घरातल्या घरात फिरत्या नळ्यांवर, म्हणजे रोलरवर, सायकल चालवतो, एक दिवस सुटला की गॅलरीची काच फोडून थेट पार्किंगमध्ये. त्यांच्या कुणा नातलगाच्या सोसायटीत असं झालंय म्हणे. कुठली सोसायटी, कधी झालं, ते मात्र विचारायचं नाही.

फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हा कागद. पहिला प्रश्न : रोलर कुठे मांडलेत? सायकलचं तोंड गॅलरीकडे आहे की भिंतीकडे?

टाक्यांचं मामाला एवढं काही वाटलं नाही. सायकल शिकणाऱ्याच्या हनुवटीला, गुडघ्याला खूण असतेच. वाईट वाटलं ते बॅडमिंटनचं. तुझे बाबा गेल्यापासून तुझी आई घरातल्या प्रत्येक आवाजाला दचकते, हे तुला सांगायला हवं का? ती आत स्वयंपाकघरात, बाहेर धाडकन आवाज, आणि तू रक्त पुसत ‘काही नाही गं’ म्हणतोस. तिला खरं सांगितलं असतंस तर ती ओरडली असती, बर्फ लावला असता, आणि रात्री मामाला फोन करून तुझं कौतुकच केलं असतं. वॉचमनकडून ऐकल्यावर कौतुक करायला जागाच उरली नाही. एकोणीस वर्षांच्या घोड्याला एवढं कळू नये?

असो. बोलायचं होतं ते बोलून झालं.

रात्री मामाला झोप लागली नाही. काच डोळ्यांपुढून हलेना. शेवटी दिवा लावला आणि कागद-पेन्सिल घेतली. जन्मभर नववी-दहावीच्या पोरांना संवेग शिकवलेल्या माणसाने काकूंच्या गोष्टीवर विश्वास ठेवून जागं राहावं, हे काही बरं दिसत नाही. हिशोब असा. तू आणि सायकल मिळून सत्तर किलो धरू. रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने निघालास, म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या वर, तर हे सत्तरच्या सत्तर किलो त्या वेगाने पुढे जात असतात. तिथे काच आडवी आली तर काचेचं काही खरं नाही. पण रोलरवर तू पुढे जातच नसतोस. मीटर ३० दाखवतो, तू मात्र दिवाणखान्यात आहेस तिथेच. फिरतात ती फक्त चाकं, आणि दोन्ही चाकांची रिम, टायर, ट्यूब मिळून दोनेक किलो. समज, सायकल रोलरवरून घसरली आणि फिरती चाकं फरशीला टेकली. त्या दोन किलोंचा संवेग सत्तर किलोंना वाटून दिला की वेग येतो ताशी एक किलोमीटरपेक्षाही कमी. पाय अजून पेडल रेटत असतील तर त्यात आणखी एक हिसका. त्याने सायकल हातभर पुढे जाईल, आणि मग व्हायचं ते होईल : आडवी पडेल. म्हणजे काच फोडून पार्किंगमध्ये जाणं गणिताला मान्य नाही.

तरीही सायकलचं तोंड भिंतीकडे कर.

काकूंना सांगायला एक खरी गोष्ट आहे, वाटल्यास सांग. अमेरिकेत चार्ल्स मर्फी नावाचा सायकलपटू होता. ३० जून १८९९ रोजी लाँग आयलंडवर त्याने आगगाडीमागे सायकल घातली. रुळांच्या मधोमध फळ्या अंथरल्या होत्या, शेवटच्या डब्याला वारा अडवायला आडोसा केला होता. एक मैल त्याने ५७.८ सेकंदांत कापला, आणि जन्मभरासाठी त्याचं नाव ‘माइल-अ-मिनिट मर्फी’ पडलं. हाच मर्फी पुढे नाटकांच्या रंगमंचावर मेजर टेलरशी शर्यती लावायचा. टेलर म्हणजे १८९९ चा जगज्जेता कृष्णवर्णीय सायकलपटू. दोघांच्या सायकली रोलरवर, प्रेक्षक खुर्च्यांत, आणि दोघं जिवाच्या आकांताने पेडल मारतायत, पण इंचभर पुढे सरकत नाहीत! इंग्लंडातही पुढे हिवाळ्यात नाचघरांत आणि थिएटरांत अशा शर्यती चालायच्या, कोण किती पुढे आहे ते मोठ्या घड्याळासारख्या तबकडीवर काटे दाखवायचे. काकूंचं खरं असतं तर पहिल्या रांगेचं तिकीट कुणी काढलं असतं?

मग हनुवटी का फुटली? तर कडेला पडलास म्हणून, आणि तिथे टीपॉय होता म्हणून. आईने एवढं सांगितलंय. काळजी करायची ती या आडव्या पडण्याची.

मामाने याबद्दल बरंच वाचलंय. सायकल तोल का सांभाळते यावर माणसं अजून भांडतात. फिरती चाकं भोवऱ्यासारखी उभी राहू पाहतात म्हणून, असं पुष्कळदा सांगतात. डेव्हिड जोन्स नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारं आणखी एक चाक बसवून तो गुण मारून टाकला, आणि सायकल तरी चालवता आली. १९७० मध्ये त्याने ते लिहून छापलं. २०११ मध्ये हॉलंडच्या डेल्फ्ट आणि अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मंडळींनी ‘सायन्स’मध्ये अशा एका सायकलीबद्दल लिहिलं जिच्यात भोवऱ्याचा परिणामही नव्हता आणि पुढचं चाक हँडलच्या आसाच्या रेषेमागे जमिनीला टेकतं ती नेहमीची ठेवणही नव्हती, तरी ढकलून सोडली की ती स्वार नसताना आपली आपण तोल सावरायची. सगळ्याचं तात्पर्य एवढंच की सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल वळलं पाहिजे, म्हणजे चाकं पुन्हा वजनाखाली येतात. रस्त्यावर हे तुझ्या नकळत होत असतं. वितभर इकडे, वितभर तिकडे, कुणाच्या लक्षातही येत नाही. रोलरची रुंदी असते सव्वा फुटाच्या आसपास. तिथे वितभर गेलास की पलीकडे फरशी. रोलर तुला काही नवीन शिकवत नाही, तुझं आधीचं गबाळेपण तेवढं उघडं पाडतो.

आणि म्हणूनच रोलरला पट्टा लागतो. मागे दोन रोलर, पुढे एक, आणि मागच्याला पुढच्याशी जोडणारा पट्टा. मागचं चाक रोलर फिरवतं, पट्ट्याने पुढचा रोलर फिरतो, त्याने पुढचं चाक. पुढचं चाक थांबलं तर हँडल वळवून उपयोग नाही, कारण ज्याच्यावरून बाजूला सरकायचं ती जमीनच चाकाखालून धावत नाही. हा पट्टा रोज तपास. ढिला वाटला तर त्या दिवशी चढू नकोस.

पट्ट्याची गोष्ट मामाच्या अनुभवातली आहे. तुझ्या आईला ती अर्धीच माहीत असेल, ती तेव्हा परकर-पोलक्यात होती.

मामा तुझ्याएवढा असताना सांगलीत चार-पाच पोरांना मुंबई-पुणे शर्यतीचं वेड लागलं होतं. बोरघाट चढून पहिला येणारा तो घाटाचा राजा, आणि आम्हा पोरांच्या लेखी दुसरा कुठला राजा नव्हताच. पावसाळ्यात सराव बुडायचा. गावभागात एक लेथवाले होते, त्यांनी लोखंडी पाइप कातून तीन रोलर करून दिले, अँगलच्या चौकटीत बेअरिंगवर बसवले. पुढचा रोलर मागच्याशी जोडायला होता शिलाई मशिनचा चामडी पट्टा. कोरडा असला की चालायचा. दमट हवेत तो सैल पडायचा आणि सटकायचा, आणि सांगलीत पावसाळ्यात दमट सोडून दुसरी हवा नसते. मामा माजघरात चढला, उंबऱ्याशी चौकट धरून. पेडल मारली, हात सोडला, जरा वेळ सायकल खरंच उभी राहिली. मग पट्टा घसरला, पुढचं चाक मंदावलं, आणि मामा ज्वारीच्या पत्र्याच्या डब्यावर.

तुझी आजी धावत आली. तिनेही काकूंसारखंच म्हटलं : ‘भिंत फोडून जाशील एक दिवस!’ संध्याकाळी रोलर माळ्यावर गेले आणि दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याकडे. मामा काही बोलला नाही. आईपुढे बोलायची तेव्हा पद्धत नव्हती, आणि खरं सांगायचं तर भिंतीचं मामालाही थोडं पटलं होतं. पुढच्या वर्षी बाकीची पोरं शर्यतीला गेली. मामा खंडाळ्याच्या वळणावर केळी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा. बाटली घेताना कुणी तोंडाकडेही बघितलं नाही. शर्यतीत बघत नाहीत, त्याचं काही नाही. पण संवेगाचा धडा आला की वर्गात दर वर्षी ते माजघर आठवायचं. दोन किलो भागिले सत्तर किलो. आजीला तेव्हा फळ्यावर मांडून दाखवता आलं असतं तर?

म्हणून तुझ्या आईला मामाने ‘रोलर काढून टाक’ म्हटलेलं नाही. ती म्हणवून घ्यायला बसली होती.

तुमच्या कोचने पावसाळाभर क्लबचे रोलर घरी नेऊ दिले, हा मोठाच विश्वास आहे. बालेवाडीच्या व्हेलोड्रोमवर उतरायचं तर ट्रॅकची सायकल, म्हणजे फिक्स्ड गिअर आणि ब्रेक नाहीत. शर्यतीआधी अंग गरम करायला तिथे रोलरच लागतात. पण आत्ता शिकतोयस ते साध्या सायकलवरच शीक. फिक्स्डवर पाय एकदम थांबवता येत नाहीत, चाक ओढतच राहतं. साध्यावर चढतानाही गिअर अगदी हलका ठेवू नकोस. हलक्या गिअरला पाय भिरभिरतात आणि चाकं रेंगाळतात, आणि चाक रेंगाळलं की सायकल डुलते. नजर चाकावर नको, समोर चार-पाच हातांवर ठेव. ब्रेक लावायचा नाही, उतरायचं झालं तर आधी आधार धरायचा आणि मगच पाय थांबवायचे. पुढच्या चाकाचा आस पुढच्या रोलरच्या अगदी वर किंवा बोटभर मागे येतोय ना, ते मोजून घे, नाहीतर चाक पुढून उतरतं.

आणि जागा. रोलर दिवाणखान्यातून उचल आणि बेडरूमच्या दाराच्या चौकटीत मांड. दोन्ही बाजूंना चौकट, कलला की कोपर टेकतं, पडायला जागाच नाही. टीपॉय आत जाऊ दे. खाली जाड रबरी मॅट टाक, निम्मा आवाज तिथेच मरेल आणि काकूंची निम्मी तक्रारही. समोर पंखा लाव. घरात वारा लागत नाही, घाम हँडलच्या बोल्टांवर ठिबकून गंज चढतो. गॅलरीचं दार तेवढ्या वेळापुरतं लावून घे. हो, गणित मामाचंच आहे, तरी लावून घे.

काचेपेक्षा खरा धोका वेगळाच आहे आणि तो कुणाच्याच गोष्टीत आला नाही. शेजारची छकुली तुमच्याकडे दिवसभर असते, रांगते. फिरता पट्टा आणि रोलर यांच्या मध्ये बोट गेलं तर काय होईल ते लिहायला नको. ती घरात असेल तर चढायचं नाही. तुझं झालं की पट्टा काढून कपाटावर. यात मामा कुणाचं ऐकणार नाही.

आईला रोज वेळ सांगून चढत जा. तिला जवळच खुर्ची टाकून बसव, वाटल्यास मटार सोलू दे. पडलास तर ती बघेल कसं पडतोस ते, आणि तिने एकदा बघितलं की वॉचमनच्या आवृत्त्या आपोआप बंद होतील. टाके कधी काढायचे ते कळव. डॉक्टर म्हणतील तेवढे दिवस थांब, रोलर कुठे पळून जात नाहीत. हनुवटीवर व्रण राहिला तर दाढी वाढव, तुझ्या बाबांना छान दिसायची.

गौरी-गणपतीला मामा पुण्याला येतोय. आईला अजून सांगितलेलं नाही. आरती, जेवण उरकलं की दुपारी ती पडेल, तेव्हा चौकटीत रोलर मांडून ठेव. मामाच्या खांद्याला धरून तू चढ, मग तुझ्या खांद्याला धरून मामा चढेल. गुडघे पूर्वीचे राहिले नाहीत, पण जरा वेळ निघेल. मामा तुझ्यापेक्षा चार बोटं बुटका आहे, तेवढी सीट खाली करून ठेव.

तुझा,
मामा