नांगर कोठे टाकावा?

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात हर्णै नावाचे बंदर आहे. समोर भर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे, आणि किनाऱ्याला त्याच्या सोबतीस कनकदुर्ग, फत्तेदुर्ग व गोवा असे तीन लहान किल्ले बांधले गेले. इतक्या किल्ल्यांचा मान ज्या बंदराला मिळाला, त्याला मच्छीमारांच्या सोयीचा धक्का मात्र पिढ्यानुपिढ्या मिळाला नाही. मोठ्या नौका किनाऱ्यापासून दूर पाण्यात नांगरावयाच्या, त्यांतील मासळी लहान होड्यांतून उथळ पाण्यापर्यंत आणावयाची, आणि तेथून बैलगाडीत घालून पुळणीवर न्यावयाची, अशी तेथली रीत पडली. पुळणीवरच मासळीचा लिलाव होतो व तो पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. परंतु लिलाव पाहणाऱ्यांची पाठ ज्या पाण्याकडे असते, त्या पाण्यावरही एक व्यवस्था नांदत असते. ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

समुद्र मोकळा दिसतो. त्यावर ना कुंपण, ना बांध. म्हणून वाटेल त्याने वाटेल तेथे नांगर टाकावा, असे नवख्यास वाटते. शेतकऱ्याच्या बांधापेक्षाही नांगरलेल्या नौकेची हद्द अधिक काटेकोर असते, हे त्यास ठाऊक नसते. बांध जागचा हलत नाही. नौकेची हद्द मात्र भरती-ओहोटीबरोबर फिरत राहते.

ही हद्द कशी ठरते? नांगर समुद्राच्या तळाशी रुततो तो आपल्या वजनाने नव्हे, तर दोराच्या आडव्या ओढीने. दोर आखूड असला की ओढ वरच्या दिशेने लागते व नांगर तळातून उचकटून निघतो. दोर लांब असला की ओढ तळालगत लागते आणि नांगराचे दात वाळूत अधिकच खोल शिरतात. म्हणून पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट दोर सोडावा, असा जाणत्या खलाशांचा हिशेब आहे. वादळी हवेत तो सातपटही करावा लागतो. खोली मोजण्याचे त्यांचे जुने माप म्हणजे वाव. दोन्ही हात पसरले असता एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जे अंतर होते, तो एक वाव, सुमारे १.८ मीटर.

समजा, ओहोटीच्या वेळी एका नौकेने नांगर टाकला. वयस्क तांडेल नाळेवर येऊन पाहतो, तो नव्या पोराने दोर बांधून टाकलेला असतो.

"किती सोडलास रे?"

"दहा वाव, काका. खाली पाणी दोन वाव आहे. पाचपट झाला की!"

"झाला खरा. पण हे पाणी सुकतीचे. भरतीला ते साडेतीन वाव होईल, तेव्हा तुझे दहा वाव कितीपट राहतील?"

पोरगा मनाशी गुणाकार करतो आणि मुकाट्याने आणखी साडेसात वाव दोर सोडतो. खोली धरावयाची ती भरतीची, हा नांगराचा पहिला नियम होय. पाणी हळूहळू चढते, आखूड दोर ताठ होतो, आणि मध्यरात्री सारे निजले असता नांगर घसरू लागतो. अशी सुटलेली नौका एकटी वाहत जात नाही. वाटेतल्या दोन-चार नौकांचे दोर आपल्याबरोबर ओढून नेते.

आता साडेसतरा वाव दोर म्हणजे सुमारे ३१ मीटर. भरती आत येताना नौका नांगराच्या एका बाजूस असते, ओहोटी लागली की दुसऱ्या बाजूस जाते. वारा फिरला तर तीही फिरते. नांगर मध्यबिंदू धरून ३१ मीटर त्रिज्येचे जे वर्तुळ काढता येईल, त्यात आणखी नौकेची लांबी मिळवली की तितके पाणी तिचे. या वर्तुळात दुसऱ्याने नांगर टाकू नये. जो आधी आला त्याचा हक्क आधी. मागाहून येणाऱ्याने जागा पाहून राहावे, आणि दोघे फारच जवळ आले तर मागाहून आलेल्याने नांगर उचलावा. जगातील सर्व बंदरांत दर्यावर्दी लोक हाच न्याय मानतात. नांगर कोठे पडला आहे हे शेजाऱ्यास कळावे म्हणून त्यास बोया बांधण्याची चालही फार शहाणपणाची आहे. खाडीत ओहोटीला पाणी आटले की नौका चिखलावर बसते. खाली जर दुसऱ्याच्या नांगराचा दात वर आलेला असला, तर तो तिच्या तळाची फळी फोडतो.

हर्णैचा किनारा उघडा आहे. सुवर्णदुर्गाचा मिळेल तेवढाच आडोसा. म्हणून हवा बिघडली की येथील नौका जवळच्या आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्यास जातात. जोग नदी जेथे समुद्रास मिळते ती ही खाडी. आत पाणी शांत. परंतु मुखाशी वाळू व गाळ साचून राहिल्यामुळे वाट अरुंद व उथळ झाली आहे. तेथे रुतून नौका फुटल्याच्या घटना एक-दोन नव्हेत. आश्रयाचे दारच असे बेभरवशाचे, हे या बंदराचे दुर्दैव म्हटले पाहिजे.

या दारातून जाण्यास वेळ पाहावी लागते. त्यासाठी किनाऱ्यावर एक सोपा हिशेब प्रचलित आहे. तिथीच्या आकड्याला तीनांनी गुणावे व चारांनी भागावे; जो आकडा येईल, त्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा नव्याने मोजावे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हेच सत्य या पाऊणपटीत दडले आहे. ठिकाणपरत्वे थोडा फरक पडतो, म्हणून आज छापील कोष्टकेही पाहतात. परंतु ज्याच्या घरी पंचांग आहे त्याच्या घरी भरतीचे वेळापत्रकही आहे, असे म्हणावयास हरकत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती येते, तेव्हा पाणी अधिक चढते आणि ओहोटीला तितकेच अधिक उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती; तिचा चढ बेताचा.

पाणी निम्म्याहून अधिक चढल्यावर खाडीत शिरावे. ओहोटीचा लोंढा बाहेर येत असता आणि वारा समुद्राकडून वाहत असता मुखाशी लाटा उभ्या राहतात. त्या वेळी थांबावे. हे सांगण्यास सोपे आहे. ज्या तांडेलाच्या नौकेत दिवसभराची मासळी बर्फात पडून आहे, ज्याला लिलावाची वेळ टळली तर भाव उतरणार हे ठाऊक आहे, आणि ज्याचे सहा खलाशी घरच्या दिव्यांकडे पाहत उभे आहेत, त्याला तासभर बाहेर डोलत राहणे किती जड जात असेल! तरीही तो थांबतो. पुढची नौका आत गेल्याखेरीज मागची मुखात घालावयाची नाही, कारण पुढची रुतली तर मागचीला वळण्यास जागा उरत नाही. आणि त्या वाटेत तर क्षणभरही नांगर टाकावयाचा नाही. अरुंद वाटेत नांगर टाकणे टाळावे, हे १९७२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतही लिहिले आहे.

त्याच नियमांत दोन यांत्रिक नौका समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळावे, असे सांगितले आहे. रात्री नौकेच्या उजव्या अंगास हिरवा दिवा, डाव्या अंगास तांबडा व मागे पांढरा; नांगरलेल्या नौकेस सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा. शिडाच्या नौकेस यंत्राच्या नौकेने वाट द्यावी, आणि जाळे ओढणाऱ्या नौकेस दोघींनीही.

बंदरावर धोक्याचे बावटे लागतात. त्यांचे क्रमांक एकपासून अकरापर्यंत असतात. एक नंबरचा बावटा म्हणजे दूर समुद्रात हवा बिघडली आहे. तीन नंबरचा म्हणजे आता बंदरालाच वादळी वाऱ्याचा धोका आहे. 'तीन नंबर लागला' एवढे तीन शब्द कोळीवाड्यात पसरले की दुसरे काही सांगावे लागत नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळ कोकणावर आले, तेव्हा हंगाम ऐन भरात होता. कित्येक नौका खोल समुद्रात होत्या आणि त्यांतील अनेक मच्छीमार परत आले नाहीत. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. दापोली तालुक्यातील घरांची व बागांची त्याने अपरिमित हानी केली. परंतु इशारा आगाऊ मिळाला होता.

पावसाळी बंदी १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यान्वये येते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांनी मासेमारी करावयाची नाही. हे माशांच्या विणीचे दिवस असतात आणि समुद्रही खवळलेला असतो. नौका किनाऱ्यावर ओढून घेतात, त्यांवर झापांचे किंवा ताडपत्रीचे छप्पर घालतात. यास नौका शाकारणे म्हणतात. ओढून ठेवण्याच्या जागाही ठरलेल्या असतात, आणि त्यांवरून भांडणे होत नाहीत असे नाही.

१ ऑगस्टला कायद्याची बंदी संपते. पण त्या दिवशी समुद्र शांत होतोच असे नाही. कायद्याला तारीख कळते, समुद्राला कळत नाही. म्हणून पुष्कळ जुनी माणसे नारळी पौर्णिमेपर्यंत वाट पाहतात. त्या दिवशी समुद्रास नारळ अर्पण होतो, नंतर छपरे उतरतात, दोर उन्हात पसरून त्यांचे पीळ न् पीळ तपासले जातात, आणि ज्याचा एखादा पेड झिजलेला आढळेल, तो दोर नांगराच्या कामातून काढून टाकला जातो.